स्विस शांततेमागचा एक वकील

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला स्वित्झर्लंडवरचा लेख मी दोनदा वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत आणि गाड्यांच्या वक्तशीरपणाबद्दल लिहिलेले सगळे खरे आहे. पण एका वाक्यापाशी मी अडखळले, आणि त्या वाक्यासाठीच हे पत्र. डोंगरांच्या कुशीत वसल्यामुळे या देशातली माणसे स्वभावतःच शांत, भांडण त्यांना ठाऊकच नाही, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. हे खरे नाही. 1847 च्या नोव्हेंबरात स्विस माणसे स्विस माणसांवर तोफा डागत होती.

मी चौतीस वर्षे दिवाणी बाजूने वकिली केली. त्यातले निम्म्याहून अधिक दावे वाटणीचे आणि हद्दीचे, म्हणजे शुद्ध भाऊबंदकीचे. निवृत्तीनंतर पाच महिने लेकीकडे विंटरथूरला राहिले. झ्युरिकहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत येणारे हे गाव. लेक कामाला गेली की मी पायी हिंडत असे. एका रस्त्याच्या पाटीवर योनास फुरर हे नाव वाचले. हे कोण, म्हणून शेजारच्या आजींना विचारले. ‘आमचे पहिले अध्यक्ष. वकील होते,’ असे त्या म्हणाल्या. वकील म्हटल्यावर माझे कुतूहल जागे झाले आणि उरलेले महिने मी याच माणसाच्या मागे घालवले. जर्मन मोडकीतोडकी येते, पण कायद्याची कलमे कोणत्याही भाषेत सावकाश लावता येतात.

फुरर यांचा जन्म 3 मार्च 1805 चा, विंटरथूरमधलाच. वडील कुलपे तयार करणारे कारागीर. त्या काळचे विंटरथूर झ्युरिक शहराच्या वर्चस्वाखालचे होते. 1467 मध्ये हाब्सबुर्ग घराण्याने ते झ्युरिककडे गहाण टाकले आणि मग ते तिथेच राहिले. झ्युरिकच्या भिंतींच्या आत जन्मलेल्यांना एक न्याय आणि बाहेरच्यांना दुसरा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. अशा गावातला कारागिराचा मुलगा झ्युरिक, हायडेलबर्ग आणि ग्योटिंगेनला कायदा शिकला आणि गावी परतून वकिली करू लागला.

तो काळही तसाच होता. 22 नोव्हेंबर 1830 रोजी झ्युरिकच्या ग्रामीण भागातली सुमारे दहा हजार माणसे उस्टर इथे जमली आणि विधिमंडळातल्या दोन-तृतीयांश जागा ग्रामीण भागाला हव्यात, असे त्यांनी ठणकावले. पुढच्याच वर्षी झ्युरिक कँटनला (कँटन म्हणजे तिथले घटक राज्य) नवी उदारमतवादी राज्यघटना मिळाली. 1834 मध्ये फुरर कँटनच्या विधिमंडळात, म्हणजे ग्रोसर राटमध्ये गेले. तेव्हा ते एकोणतिशीत होते.

मग पडझड झाली. ती मला नीट सांगायची आहे, कारण यशस्वी माणसांच्या चरित्रात हा भाग लोक दोन ओळींत उरकतात. 1839 च्या आरंभी उदारमतवादी सरकारने डाव्हिड फ्रीडरिश श्ट्राउस यांची झ्युरिक विद्यापीठात धर्मशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक केली. येशूच्या चरित्रातल्या चमत्कारांना मिथके म्हणणारा हा विद्वान. खेड्यापाड्यांत संतापाची लाट उसळली. सरकारने घाबरून त्यांना रुजू होण्यापूर्वीच निवृत्तिवेतन देऊन घरी बसवले, तरी राग विझला नाही. 6 सप्टेंबर 1839 च्या पहाटे फेफिकोनच्या पाद्र्यांच्या मागे हजारो माणसे झ्युरिकवर चालून आली. गोळीबार झाला, माणसे मेली. गोळीबार थांबवण्याचा हुकूम घेऊन बाहेर आलेले सरकारचे सदस्य हेगेट्श्वायलर हेही त्यात जबर जखमी होऊन मरण पावले. सरकार कोसळले. ‘पुट्श’, म्हणजे सरकार उलथवण्यासाठीचा उठाव, हा शब्द स्विस बोलीतून जगाच्या राजकारणात गेला तो याच घटनेमुळे. नंतरच्या निवडणुकीत फुरर यांची जागा गेली.

ज्या ग्रामीण माणसांसाठी उदारमतवाद्यांनी घटना आणली, शाळा काढल्या, त्याच माणसांनी त्यांना हाकलले. हरल्यावर माणूस काय करतो यावरून मी अशील ओळखायला शिकले. काही जण निकालाच्या दुसऱ्या दिवशी बांध फोडायला जातात. फुरर विंटरथूरला परतले, वकिली करत राहिले आणि 1842 मध्ये मते मिळवूनच पुन्हा विधिमंडळात आले.

या सबुरीची किंमत कळण्यासाठी शेजारी काय चालले होते ते पाहावे लागते. 1841 मध्ये आरगाउ कँटनने आपल्या हद्दीतले मठ बंद केले. त्याला उत्तर म्हणून की काय, कॅथलिक ल्युसर्नने 1844 मध्ये उच्च शिक्षण जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या हाती सोपवायचे ठरवले. मग उदारमतवाद्यांतले तापट लोक बंदुका घेऊन ल्युसर्नवर चालून गेले, एकदा डिसेंबर 1844 मध्ये आणि पुन्हा मार्च 1845 च्या अखेरीस. दोन्ही वेळा मार खाऊन परतले. दुसऱ्या चढाईचा म्होरक्या उलरिश ओक्सेनबाइन. तोही वकीलच! सनद एकच, पण एकाने कायदा खुंटीला टांगून बंदूक उचलली आणि दुसरा मतपेटीपाशी थांबला. त्याच वसंतात झ्युरिकमधल्या सत्तेचे पारडे फिरले आणि फुरर कँटनचे प्रमुख, म्हणजे बुर्गरमाइस्टर झाले. स्विस संघाचे कामकाज त्या काळी झ्युरिक, बर्न आणि ल्युसर्न यांच्याकडे दोनदोन वर्षांच्या पाळीने जाई. 1845 आणि 1846 ची पाळी झ्युरिकची होती, म्हणून साऱ्या देशाच्या भांडणाचे अध्यक्षस्थानही त्यांच्याकडे आले.

‘देश’ म्हणताना मी जरा थबकते. 1815 च्या करारानुसार तो 22 कँटनांचा संघ होता. टागझात्सुंग नावाच्या सभेत प्रत्येक कँटनचे एक मत, आणि प्रतिनिधीला घरून जो लेखी हुकूम मिळेल त्याच्याबाहेर बोलायची मुभा नाही. वकिलांना हे लगेच समजेल: अशिलाला विचारल्याशिवाय तडजोडीचा शब्दही काढता येत नाही, अशा बावीस वकिलांची बैठक. कँटनागणिक नाणी निराळी, वजने निराळी, आणि पुलापुलावर जकात.

डिसेंबर 1845 मध्ये ल्युसर्न, उरी, श्विट्झ, उंटरवाल्डन, त्सुग, फ्रीबूर आणि व्हाले या सात कॅथलिक कँटनांनी संरक्षणासाठी वेगळी आघाडी केली. तिलाच झोंडरबुंड म्हणतात. त्यांची भीती खोटी नव्हती, त्यांच्यावर दोनदा हल्ला झालेलाच होता. पण संघाच्या आत दुसरा संघ 1815 च्या करारात बसत नव्हता. 1847 मध्ये सांक्ट गालनमधल्या निवडणुकीने बहुमताचा काटा झुकवला आणि 20 जुलै रोजी टागझात्सुंगने झोंडरबुंड विसर्जित करण्याचा ठराव केला. झ्युरिकची बाजू मांडायला तिथे फुरर होते. तडजोडीचे प्रयत्न ऑक्टोबरपर्यंत चालले आणि फसले.

युद्ध 3 ते 29 नोव्हेंबर चालले. संघाचे सेनापती जिनिव्हाचे गियोम-आंरी द्यूफूर, स्वतः पुराणमतवादी विचारांचे आणि पेशाने इंजिनिअर. त्यांनी सैनिकांना बजावले की बायका, मुले, म्हातारी माणसे आणि धर्मगुरू यांना हात लागता कामा नये, आणि या लढ्यातून नुसते जिंकून नव्हे तर निष्कलंक बाहेर पडायचे आहे. फ्रीबूर 14 तारखेला शरण आले. 23 ला गिझिकोनला खरी लढाई झाली, दुसऱ्या दिवशी ल्युसर्न पडले. दोन्ही बाजू मिळून मृतांचा आकडा शंभराच्या आसपास राहिला. हेच द्यूफूर सोळा वर्षांनी, 1863 मध्ये, रेडक्रॉसच्या पहिल्या समितीचे अध्यक्ष झाले.

दाव्यात हुकूमनामा मिळाल्यावर माझे अशील हमखास विचारत, ‘आता त्याचे काय काय जप्त करता येईल?’ आणि मी त्यांना सांगत असे की भाऊ उद्याही शेजारीच राहणार आहे. विंटरथूरच्या या वकिलाचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मोठेपण मला 1848 च्या त्या वर्षात दिसते. 17 फेब्रुवारीला बर्नमध्ये घटना-समितीचे काम सुरू झाले आणि 8 एप्रिलला मसुदा तयार झाला. 51 दिवस! मी बर्नला त्सॉयगहाउसगासे या गल्लीतल्या त्या इमारतीसमोर उभी राहिले. साधी, जुनी इमारत आहे, बाहेर चौकोनी दगडांचा रस्ता. एका वाटणीपत्राच्या मसुद्यावर दोन वर्षे घालवलेली मी, 51 दिवस म्हणजे काय ते मला कळते. समितीचे अध्यक्ष तेच ओक्सेनबाइन, झ्युरिकतर्फे फुरर. पुढे झ्युरिकच्या जनतेला ही घटना समजावून देणारा अहवाल लिहिण्याचे कामही फुरर यांनीच केले, आणि झ्युरिकमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक मते तिच्या बाजूने पडली.

जिंकलेल्यांनी हरलेल्यांसाठी काय ठेवले ते पाहा. मोठ्या कँटनांना हवे होते लोकसंख्येवर आधारलेले सभागृह, लहानांना हवे होते प्रत्येकाला सारखे मत. अमेरिकेच्या धर्तीवर दोन्ही सभागृहे केली. राष्ट्रीय सभेत वीस हजार लोकांमागे एक, म्हणजे पहिल्या वेळी 111 सदस्य. कँटनांच्या सभेत 44 सदस्य, आणि तिथे झ्युरिकचे दोन तर चिमुकल्या उरीचेही दोनच. दोन्ही सभागृहांनी मान्य केल्याशिवाय कायदा होत नाही. युद्धात पाडाव झालेल्या उरीला दहा महिन्यांच्या आत हे मिळाले. सत्ता एका माणसाच्या हाती न देता सात जणांच्या मंडळाकडे दिली. अध्यक्षपद त्यांच्यातच फिरते, वर्षभराचे, आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षी त्याच माणसाला ते मिळत नाही.

सगळे सोवळे होते असे मी म्हणणार नाही. 1815 च्या करारात तो बदलण्याची रीतच लिहिलेली नव्हती. साडेपंधरा कँटनांनी होकार दिला, साडेसहांनी नकार (काही कँटन दुभंगलेले, त्यांच्या प्रत्येक अर्ध्याचे मत अर्धेच), आणि बहुमत झाले म्हणून 12 सप्टेंबर 1848 रोजी टागझात्सुंगने घटना अमलात आणली. ल्युसर्नमध्ये तर मत द्यायलाच न आलेल्यांची गणती होकारात केली. माझ्यासमोर हा पुरावा आला असता तर मी कडाडून हरकत घेतली असती. फ्रीबूरमध्ये लोकांना विचारलेच नाही, विधिमंडळाने ठरवून टाकले. घटनेच्या 41 व्या कलमाने देशात कुठेही वस्ती करण्याचा हक्क फक्त ख्रिश्चनांना दिला. ज्यू नागरिकांना तो 1866 मध्ये मिळाला. जेझुइटांवरची बंदी तर 1973 पर्यंत टिकली. हरलेल्यांबद्दलची उदारता इतक्या ठिकाणी आखूड पडली.

आणि 4 थे कलम. ‘सर्व स्विस कायद्यापुढे समान आहेत.’ गाव, जन्म, घराणे यांचे कसलेच विशेषाधिकार नाहीत, असे ते पुढे सांगते. झ्युरिकच्या वर्चस्वाखालच्या गावात वाढलेल्या कारागिराच्या मुलाला हे वाचताना काय वाटले असेल, असे मनात येऊन मी ते कलम वहीत उतरवून घेतले. नंतर त्याची दुसरी बाजू कळली. एमिली केम्पिन-श्पिरी या झ्युरिकच्या कायद्याच्या विद्यार्थिनीला न्यायालयात उभे राहू दिले नाही, तेव्हा त्यांनी हेच कलम पुढे केले: सर्व स्विस, म्हणजे मीही. जानेवारी 1887 मध्ये लोझानच्या संघीय न्यायालयाने त्यांचा युक्तिवाद ‘जितका नवा तितकाच धाडसी’ म्हणून फेटाळला. त्याच वर्षी त्या कायद्याच्या डॉक्टर झाल्या. झ्युरिकने स्त्रियांना वकिलीची दारे उघडली 1898 मध्ये, पण त्या स्वतः 1901 मध्ये बाझेलच्या मनोरुग्णालयात वारल्या. या बाईंवर वेगळे पत्र लिहायला हवे. शेजारच्या आजींनी पहिले राष्ट्रीय मत दिले ते 1971 नंतर. तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांच्या आईला ते जवळजवळ साठीत मिळाले. हे सांगताना आजींचा आवाज चढला होता.

तरीही फुरर यांचे काम मला लहान वाटत नाही. नोव्हेंबर 1848 मध्ये संघीय संसद बर्नला भरली. कँटनांच्या सभेचे पहिले अध्यक्ष फुरर झाले, आणि दहाच दिवसांनी, 16 नोव्हेंबरला, सात जणांच्या मंडळातले पहिले सदस्य म्हणून पहिल्याच फेरीत त्यांची निवड झाली. त्याच दिवशी ते संघराज्याचे पहिले अध्यक्ष झाले. बाकीचे सहा म्हणजे ओक्सेनबाइन, व्होचे आंरी द्रुए, झोलोथुर्नचे मुन्झिंगर, टिचिनोचे फ्रान्शीनी, आरगाउचे फ्राय-हेरोझे आणि सांक्ट गालनचे नेफ. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन बोलणारी माणसे एका टेबलाभोवती बसली. त्यांत दोन कॅथलिकही होते, मुन्झिंगर आणि फ्रान्शीनी. पण झोंडरबुंडच्या सातांतला एकही कँटन त्यांत नव्हता, हेही नोंदवते.

बंदूक उचललेला आणि बंदुकीपासून दूर राहिलेला, असे दोन वकील त्या टेबलाशी समोरासमोर बसत असत. ओक्सेनबाइन 1854 मध्ये पुन्हा निवडून आले नाहीत. फुरर मात्र 1852, 1855 आणि 1858 मध्ये आणखी तीनदा अध्यक्ष झाले, दर वेळी मध्ये खंड पाडून, घटनेप्रमाणे.

पहिल्याच महिन्यात त्यांच्या झ्युरिकचा पराभव झाला. राजधानी कुठे, या मतदानात 28 नोव्हेंबरला बर्न जिंकले. विंटरथूरमधली चांगली चालणारी वकिली मागे ठेवून फुरर बर्नला राहायला गेले. मंडळाचे कामकाज सुरुवातीला एर्लाखरहोफ या जुन्या वाड्यात चाले. 1849 मध्ये टपालसेवा संघाची झाली आणि त्याच वर्षीच्या कायद्याने कँटनांमधले जकातनाके उठवायचे ठरले. मे 1850 च्या कायद्याने सगळ्या देशाचे एकच नाणे आले, फ्रँक. 1849 च्या उन्हाळ्यात शेजारच्या जर्मनीतल्या बाडेन राज्याची क्रांती चिरडली गेली आणि हजारो शरणार्थी सरहद्द ओलांडून आले. फुरर यांच्या सरकारने बहुतेकांना थारा दिला आणि म्होरक्यांना देशाबाहेर काढले. उदारमतवाद्यांतूनच त्यावर टीका झाली. तो निर्णय मला आजही सलतो, जरी भोवतीच्या राजेशाह्या डोळे वटारून उभ्या होत्या तरी.

दोन गोष्टी मात्र माझ्यातल्या दिवाणी वकिलाला फार भावल्या. डिसेंबर 1850 मध्ये एक कायदा झाला. कुठल्याच गावचे नागरिकत्व नसलेली हजारो माणसे तेव्हा एका कँटनमधून दुसऱ्यात हुसकली जात. त्या प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या गावाने आपले म्हणून नोंदवायचे, असे या कायद्याने ठरवले. तो राबवताना भटक्या कुटुंबांवर जबरदस्तीही झाली. आजही स्विस पारपत्रावर जन्मगाव नसते, मूळगाव असते. शेजारच्या आजींच्या पारपत्रावर ज्या गावाचे नाव आहे, तिथे त्या एक रात्रही राहिलेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट युद्धखर्चाची. तो झोंडरबुंडच्या कँटनांवर लादला होता. वर्षानुवर्षे वसूल होत राहिला असता, आणि दर हप्त्याला जखमेची खपली निघाली असती. 1852 मध्ये, फुरर दुसऱ्यांदा अध्यक्ष असताना, संसदेने उरलेली रक्कम माफ केली. डिक्री हातात असताना वसुली सोडणारा पक्ष मी चौतीस वर्षांत दोनदाच पाहिला, आणि दोन्ही घरांत आज भाऊ एकमेकांच्या लग्नकार्याला जातात.

प्रकृतीसाठी रागाझच्या, म्हणजे आजच्या बाड रागाझच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेले असताना 25 जुलै 1861 रोजी फुरर वारले. वय 56, मंडळाचे सदस्य असतानाच. पाच दिवसांनी संसदेने झ्युरिकच्याच याकोब डुब्स यांना त्यांच्या जागी निवडले आणि कामकाज पुढे चालू झाले.

संपादक महाशय, आपल्या लेखकांवर माझा राग नाही. त्यांना डोंगर दिसले, कारण डोंगर दिसतातच. माझी मागणी एवढीच आहे की त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, आणि तिच्यात 1847, 1848 आणि 1852 ही तीन वर्षे यावीत. जागा उरली तर विंटरथूरच्या त्या वकिलाचे नावही घालावे.

आपली नम्र,
एक निवृत्त वकील